पिकअपचे दिवे लागत नाहीत तेव्हा



अभ्यासाच्या या पानावर आपण दर तीन महिन्यांनी एखादा शास्त्रपाठ वाचता. या अंकात तो नाही. यावेळचा पाठ गाडीच्या हेडलाईटचा आहे. काही वाचकांना हे विचित्र वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी मंडळ्यांकडे आज एखादी जीप किंवा पिकअप आहे. ती दिवसा धान्य, औषधे, वसतिगृहाची मुले वाहते आणि रात्री कोणी आजारी पडले की तीच रुग्णवाहिका होते. धर्मशास्त्राच्या डिप्लोमात मला ग्रीक व्याकरणाची तोंडओळख झाली, पण रिले म्हणजे काय ते कोणी शिकवले नाही. ते मला चुका करून शिकावे लागले आणि त्या चुकांची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली. म्हणून हे लिहीत आहे.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. चांदसैली घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरून रात्री दहाच्या सुमारास दोघे तरुण पावसात पळत आले. एका पावरा भगिनीला सकाळपासून कळा सुरू होत्या आणि सुईणीने हात टेकले होते. पाड्यावर मोबाईलला रेंज नसते. मी पिकअप काढली. मागच्या हौद्यात गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. बाईबरोबर तिची सासू, सुईण आणि आशाताई बसल्या. नवरा माझ्या शेजारी. घाट उतरून तळोद्याला जायचे. तिसऱ्या की चौथ्या वळणावर दोन्ही हेडलाईट एकदम गेले.

पूर्ण अंधार, पाऊस, डाव्या हाताला दरी. मी ब्रेक दाबून थांबलो आणि जे बहुतेक जण करतात तेच केले: बोनेट उघडले आणि मोबाईलच्या उजेडात दिसेल ती वायर हलवू लागलो. बल्ब काढून पाहिले, परत घातले. फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. एकदा केबिनमध्ये येऊन घाईत स्टेअरिंगखालची दांडी पुढेमागे केली तेव्हा लखकन उजेड पडला आणि लगेच गेला. मी म्हटले, कुठेतरी लूज कनेक्शन आहे. पुन्हा बोनेटखाली गेलो. यात चाळीस मिनिटे गेली.

शेवटी नवऱ्याने टॉर्च घेतली आणि तो गाडीपुढे चालू लागला. चारही इंडिकेटर चालू ठेवून मी त्याच्या मागे माणसाच्या चालीने गाडी सोडली. एक वाजायच्या सुमारास ताडपत्रीखाली बाळ जन्मले. दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. बाळ ठीक होते. आईचा रक्तस्राव मात्र बराच झाला होता. ती वाचली, पण तिला अनेक दिवस दवाखान्यात राहावे लागले आणि मी ते दिवस हिशेब करत काढले. चाळीस मिनिटे, आणि वर घाटातला तो सगळा वेळ.

त्यानंतर शहाद्यातल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी घडलेले सांगत असताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दांडी ओढल्यावर उजेड पडला ना?" मी हो म्हणालो. "मग ओढून धरायची होती, भाऊ. घाट उतरला असता."

हा पाठ मी त्या एका वाक्यापासून उलगडून सांगणार आहे.

दिवा लागतो तो कसा, हे आधी पाहू. बॅटरीतून करंट निघतो, फ्यूजमधून जातो, स्विचमधून (नव्या गाड्यांत रिलेमधून) जातो, वायरने बल्बपर्यंत येतो, बल्बची तार तापवतो आणि गाडीच्या लोखंडी बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला परततो. हा परतीचा रस्ता म्हणजे अर्थ. पाणी पाटाने शेतात जावे तसा करंट जातो, फरक एवढाच की याला परतीचाही पाट लागतो. पाट कुठेही फुटला तरी शेत कोरडे राहते. तेव्हा दिवा लागला नाही तर प्रश्न एकच: पाट कुठे फुटला? तो शोधायला सगळा पाट खणायची गरज नसते. कोणत्या शेताला पाणी मिळते आणि कोणत्याला नाही हे बांधावर उभे राहून पाहिले, तरी फुटीची जागा निम्म्याहून जास्त कळते.

म्हणून पहिला नियम असा की बोनेट उघडायचे नाही. गाडी आंधळ्या वळणापासून दूर घ्या, चाकाला दगड लावा, मागे त्रिकोण किंवा निदान झाडाची फांदी ठेवा, आणि सीटवर बसूनच दोन मिनिटे पाहा. पार्किंग लाईट लागतात का? हॉर्न वाजतो का? डिप्पर लागतो का? अप्पर लागतो का? दांडी स्वतःकडे ओढून पास दिला तर उजेड पडतो का? अप्पर लावल्यावर डॅशबोर्डवरचा निळा दिवा पेटतो का? समोर भिंत किंवा दरड असली तर उजेड कोणत्या बाजूचा आहे तेही दिसते.

या उत्तरांतच निदान असते. माझ्या त्या रात्रीची उत्तरे पाहा. हॉर्न आणि पार्किंग चालू, म्हणजे बॅटरी जिवंत. डिप्पर नाही, अप्पर नाही, आणि अप्परला निळा दिवाही नाही, म्हणजे अप्परचा करंट बल्बच्या वायरपर्यंत पोचतच नाही. तेव्हा बल्ब काढून पाहणे निव्वळ वेळ घालवणे होते. दोन्ही बल्बांच्या मिळून चार तारा एकाच क्षणी तुटतील असे सहसा होत नाही. पास दिल्यावर मात्र उजेड पडला. आमच्या गाडीत पासचा करंट हेडलाईटच्या मुख्य खटक्यातून जात नाही. त्याला वेगळा फ्यूज आणि दांडीच्या आत वेगळा खटका आहे. म्हणजे बल्ब चांगले, होल्डर चांगले, बॉडीचा अर्थ कामापुरता चांगला, अप्परची वायर चांगली. उरले दोनच: मुख्य फ्यूज आणि मुख्य खटका. फ्यूज मी पाहिला होता. म्हणजे खटका. हे सगळे सीटवर बसून, बाहेर न भिजता, एका मिनिटात कळले असते. आणि दुरुस्ती करायचीही गरज नव्हती. डाव्या हाताने दांडी ओढून धरून, किंवा शेजाऱ्याला धरायला सांगून, अप्परच्या उजेडात घाट उतरता आला असता.

आता वेगवेगळ्या प्रकारांकडे वळू.

एकच दिवा बंद असेल तर बहुधा बल्ब गेलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप आणि जीपगाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. एकाच काचेत दोन तारा असतात, ६० वॅटची अप्परची आणि ५५ वॅटची डिप्परची. मागे तीन पाय असतात: एक अप्परचा, एक डिप्परचा, एक अर्थचा. डिप्पर जास्त वापरला जातो म्हणून त्याची तार आधी तुटते. बल्बवर संशय असेल तर एकही हत्यार न लागणारी परीक्षा आहे. डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा. दोष बल्बाबरोबर गेला तर बल्ब खराब. दोष जागेवरच राहिला तर होल्डर, वायर, त्या बाजूचा फ्यूज किंवा त्या बाजूचा अर्थ. बल्ब नुकता लागलेला असेल तर हात भाजतो, थांबा. आणि काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला की ती जागा जास्त तापते आणि नवा बल्बही लवकर जातो. चुकून लागलेच तर स्वच्छ कापडाने स्पिरिट लावून पुसा.

दोन्ही डिप्पर बंद आणि अप्पर ठीक असा प्रकार आला की लोक लगेच स्विचवर संशय घेतात. स्विच असू शकतो. पण आधी बल्ब पाहा. अनेकदा एका बाजूचा डिप्पर महिन्यापूर्वीच गेलेला असतो, कोणाच्या लक्षात आलेला नसतो, आणि आज दुसरा गेला म्हणून "दोन्ही एकदम गेले" असे वाटते. आमच्याकडेच हे दोनदा झाले आहे. तेव्हापासून दर शनिवारी गाडी भिंतीसमोर उभी करून चारही तारा तपासायच्या असा नियम केला आहे.

फ्यूज दोन ठिकाणी असतात, डॅशबोर्डखाली आणि पुष्कळ गाड्यांत बोनेटमध्येही. झाकणावर नकाशा असतो. त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण झाकण कधीतरी हरवतेच. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. उडालेल्याच्या जागी त्याच रंगाचा घालायचा. नवा घातल्याबरोबर तोही उडाला तर पुढे कुठेतरी वायर बॉडीला लागली आहे. तेव्हा तिसरा फ्यूज वाया घालवू नका, वायर शोधा. वसतिगृहाच्या धान्यकोठीजवळ गाडी उभी असते तिथे हे काम बहुधा उंदरांचे. एका खेपेला एअर फिल्टरमागे उंदराने घरच केले होते आणि बाजूच्या तीन वायरींचे प्लॅस्टिक सोलून नेले होते.

रिले ही एक छोटी चौकोनी डबी. स्विचचा थोडासा करंट तिच्या आतली गुंडाळी चालवतो, गुंडाळी खटका ओढते, आणि बॅटरीचा जाड करंट त्या खटक्यातून दिव्याकडे जातो. पायांवर आकडे छापलेले असतात: ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारा, ८५ आणि ८६ गुंडाळीचे. दिवा लावताना डबीवर बोट ठेवले की आतली टिकटिक जाणवते. टिकटिक आहे पण दिवा नाही, तर रिलेचा खटका जळलेला असेल किंवा त्याच्या पुढे-मागे करंट तुटलेला असेल. टिकटिकच नाही, तर स्विचकडून हुकूम येत नाही किंवा गुंडाळी तुटली आहे. शेजारच्या हॉर्नचा रिले त्याच आकड्यांचा आणि त्याच क्षमतेचा असेल तर अदलाबदल करून पाहा. हॉर्नशिवाय घरी जाता येते.

येथपर्यंत हत्यार लागले नाही. पुढे एकच लागते आणि ते घरी बनते. पार्किंगचा ५ वॅटचा जुना बल्ब घ्या, त्याला दोन लांब वायर जोडा, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला जाड सुई. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचा आणि सुई जिथे टेकवू तिथे करंट असेल तर बल्ब पेटतो. बल्बकडून मागे मागे यायचे: होल्डरमध्ये करंट आहे का, नसेल तर रिलेच्या ८७ वर, नसेल तर ३० वर, नसेल तर फ्यूजवर. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. दोन्हीवर करंट आला तर फ्यूज शाबूत, एकावरच आला तर उडालेला. म्हणजे तो उपसायचीही गरज नाही. जिथे आधी करंट होता आणि पुढे नाही, त्या दोन ठिकाणांच्या मधे दोष.

मल्टिमीटर असेल तर चांगलेच, पण तो एका बाबतीत फसवतो आणि मी त्यात फसलेलो आहे. वायर आतून सडून तिचा एकच धागा उरलेला असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. बल्ब जोडला की त्याला पाच अँपिअर हवे असतात आणि तो एक धागा ते देऊ शकत नाही. म्हणून मोजणी नेहमी दिवा जोडलेला आणि चालू ठेवून करायची.

यावरून आता माझ्या चुकीकडे येतो. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण हीच चूक मी बाकीच्या गाड्यांतही पाहिली आहे.

त्याच्या आदल्या हिवाळ्यापासून आमच्या गाडीचा उजेड पिवळट पडू लागला होता. मी बाजारातून १००/९० वॅटचे बल्ब आणले. डब्यावर बारीक अक्षरात सार्वजनिक रस्त्यावर वापरू नयेत असे छापले होते, ते मी वाचले आणि सोडून दिले. उजेड वाढला, मी खूश. चार दिवसांनी फ्यूज उडाला. साधा हिशेब आहे. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर. १५चा फ्यूज ते सहज सांभाळतो. १०० वॅटचे दोन म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. १५चा फ्यूज उडणारच, तेच त्याचे काम. मी त्याच्या जागी ३०चा हिरवा फ्यूज घातला. पहारेकऱ्याने हटकले म्हणून मी पहारेकरीच बदलला.

आमच्या जुन्या गाडीत हेडलाईटला रिले नव्हता. सगळा करंट स्टेअरिंगखालच्या स्विचमधल्या करंगळीच्या नखाएवढ्या खटक्यातून जात होता. तो १० अँपिअरसाठी होता, मी त्यातून १७ नेत होतो. तापून तापून खटक्यावर काळा थर चढला, प्लॅस्टिक वितळले, पात्याची उसळी गेली. पासचा खटका वेगळा होता आणि क्षणभरच वापरला जात होता, म्हणून तो वाचला. हे आठ-नऊ महिने चालले होते. घाटात त्या रात्री फक्त शेवट झाला.

आता यातली सर्वांत बोचणारी गोष्ट. चाचांनी नवा स्विच बसवला, पुन्हा ६०/५५चे बल्ब लावले आणि दिवे चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या पायाला लावली. तिथे काट्याने जवळजवळ शून्य दाखवायला हवे. मीटरने १.२ व्होल्ट दाखवले. म्हणजे परतीच्या रस्त्यावरच सव्वा व्होल्ट गळत होते. मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे चिखल उडतो, अर्थची वायर बॉडीला एका बोल्टने बांधलेली होती आणि बोल्टखाली गंजाचा पापुद्रा चढला होता. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घसरतो: व्होल्टेज दहा टक्के कमी झाले तर उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. आमचा पिवळा उजेड बल्बमुळे नव्हताच. चाचांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने बॉडी चकाकेपर्यंत घासली, बोल्ट घट्ट बसवला आणि वरून ग्रीस लावले. त्यांनी वीस रुपये सांगितले. उजेड पांढरा झाला. ते आदल्या हिवाळ्यात केले असते तर १०० वॅटचे बल्ब आले नसते, फ्यूज बदलला नसता आणि स्विच जळला नसता.

मग त्यांनी दोन रिले बसवले, एक अप्परचा, एक डिप्परचा. बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर थेट रिलेकडे आणि तिथून दिव्यांकडे नेली. आता स्विचमधून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो. ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांनी हे करून घ्यावे असे मी आग्रहाने सांगतो. नव्या गाड्यांत रिले आधीच असतात, त्यांत उगाच कापाकापी नको.

एक आणीबाणीचा उपायही लिहून ठेवतो. स्विच गेला, पासही चालत नाही आणि जाणे भागच आहे, तर एका बल्बला बॅटरीवरून थेट वायर देता येते. होल्डर बल्बपासून काढून बाजूला करायचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणायची, बॅटरीच्या टोकालाच १० अँपिअरचा फ्यूज जोडायचा, आणि ती बल्बच्या डिप्परच्या पायाला लावायची. अर्थचा पाय दुसऱ्या वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला. फ्यूजशिवाय हे करू नका, वायर बॉडीला घासली तर गाडी पेटेल. एकच दिवा लावायचा असेल तर उजव्या बाजूचा लावा. समोरून येणारा आपल्या उजव्या अंगाने जातो. फक्त डावा दिवा दिसला तर तो आपल्याला मोटारसायकल समजेल आणि आपल्या अंगावर गाडी घालेल.

तेही जमले नाही तर टॉर्चच्या मागे चालण्याबद्दल दोन शब्द. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. साध्या टॉर्चचा उजेड पावसात पंधरा-वीस मीटरच्या पुढे उपयोगाचा नसतो. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेव्हा टॉर्चवर माणसाच्या चालीने जायचे, तेही रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असेल तरच, एरवी थांबून उजाडायची वाट पाहायची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लागलेच पाहिजेत आणि त्यांत पुढचे १५५ मीटर दिसले पाहिजे. घाटात एवढा सरळ रस्ता मिळतच नाही, हे खरे.

देणगीदारांपैकी तिघांनी कळवले आहे की ते पिकअपसाठी एलईडी बल्ब पाठवू इच्छितात. आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहे, पण कृपया पाठवू नका. आमच्या दिव्याची वाटी हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेप्रमाणे घडवलेली आहे. त्यात एलईडी बसवला की उजेड विस्कटतो. आपल्याला झगझगीत वाटते, पण समोरच्याचे डोळे दिपतात, आणि समोरून येणारा बैलगाडीवाला नाहीतर ऊसतोडीहून परतणाऱ्या माणसांनी भरलेला ट्रॅक्टर असतो. पाठवायचेच असेल तर एच-४चे ६०/५५ वॅटचे दोन बल्ब आणि मिश्र फ्यूजची एक डबी पाठवा.

आमच्या केबिनमध्ये आता पत्र्याचा एक बिस्किटाचा डबा असतो. त्यात दोन बल्ब, प्रत्येक रंगाचे तीन फ्यूज, एक रिले, टेस्ट बल्ब, पकड, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, टेप, फ्यूज जोडून तयार ठेवलेली दोन मीटर वायर आणि डोक्याला बांधायची बॅटरी. डोक्याची बॅटरी विसरू नका. मोबाईल तोंडात धरून वायर सोलणे किती कठीण असते ते मी जाणतो.

तरुण संघासाठी एक सराव सुचवतो. आम्ही महिन्यातून एकदा उपासनेनंतर करतो. एक जण गाडीत मुद्दाम दोष घालतो: एखादा फ्यूज काढतो, अर्थचा बोल्ट सैल करतो, किंवा होल्डरच्या पायावर कागदाचा तुकडा ठेवतो. दुसऱ्याने सीटवर बसून आधी सहा प्रश्नांची उत्तरे मोठ्याने सांगायची, दोष कुठे असावा ते बोलायचे, आणि मगच बोनेट उघडायचे. मागच्या खेपेला नववीतल्या एका मुलीने बोनेट न उघडताच सांगितले की डाव्या बाजूचा अर्थ सैल आहे, कारण डिप्पर लावल्यावर डावा दिवा मिणमिणत होता आणि त्याबरोबर त्याच बाजूचा पार्किंगचा दिवाही विचित्र मंद पेटत होता. परतीचा पाट बंद झाल्यामुळे करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढत होता. तिला हे कोणी शिकवले नव्हते.

ती बाई आणि बाळ मार्गशीर्षात एकदा आमच्याकडे आले होते. परत सोडायला मीच निघालो. संध्याकाळ झाली होती. गाडीत बसायच्या आधी नवरा पुढे गेला, वाकून दोन्ही दिव्यांकडे पाहिले आणि मला म्हणाला, "लावून दाखवा." मी डिप्पर लावला, अप्पर लावला, पास दिला. मग तो बसला.